हे पुन्हा सायकलवर बसले तो दिवस

क्रांती चौकात पहाटे आम्ही वीस-बावीस जण जमलो होतो आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा होता. त्यांना त्या दिवशी सायकल चालवायची नव्हती. सामानाचा छोटा हत्ती, म्हणजे टेम्पो, चालवायचा होता. तरी कुणाच्या चाकात हवा कमी आहे, कुणाचं सीट खाली बसलंय, कुणी थंडीमुळे कान गच्च बांधून घेतलेत, हे सगळं त्यांना दिसत होतं आणि ते प्रत्येकाला बोलून दाखवत होते.

"अहो, मफलर काढा तो. मागून ट्रक आला तं ऐकू कसं येणार तुम्हाला?"

ज्यांना सांगितलं ते बँकेतले साहेब होते. त्यांनी निमूटपणे मफलर काढला आणि मग माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, यांना सायकलवर सोडा बरं एकदा. गाडीत बसून जास्त तरास देतात."

मीही हसले. दुसरं काय करणार?

जानेवारीचे दिवस होते. आमच्या सायकल ग्रुपची तीन दिवसांची सहल होती. पहिल्या दिवशी फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा करत घाट उतरून फर्दापूरला मुक्काम. दुसरा दिवस लेण्यांसाठी, तिसऱ्या दिवशी परत. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, पन्नाशी ओलांडलेली. एवढा लांबचा पल्ला मी आयुष्यात पहिल्यांदाच मारणार होते. रजा टाकताना आमच्या सिस्टर इनचार्जनं विचारलंही, "लेण्या बघायला बस नाही का जात?"

हा ग्रुप खरं तर यांनीच उभा केलेला. हे चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनीची बस दारापुढून जायची, पण हे सायकलनं जायचे. बाकीचे लोक बसच्या खिडकीतून हात करायचे. त्यातलेच दोघं-तिघं पुढे यांच्यासोबत रविवारी दौलताबादला, खुलताबादला जायला लागले. मग बँकेतले आले, शिक्षक आले, डॉक्टर आले. एकदा सगळे मिळून थेट नागपूरला दीक्षाभूमीपर्यंत सायकलनं गेले. परत आले तेव्हा हे उन्हानं इतके काळे पडले होते की माझ्या सासूबाईंनी दारातच विचारलं, "कोण पाहिजे?"

सहलीच्या दोन वर्षं आधी यांच्या छातीत दुखायला लागलं. कारखान्यातून मला फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. दोन स्टेंट टाकावे लागले. घरी आले ते हळू बोलणारे, जिना एकेक पायरी मोजत चढणारे, वेगळेच कुणीतरी. सायकल गॅलरीत होती. तिच्यावर त्यांनी जुनी चादर टाकली.

काही महिन्यांनी ट्रेडमिलवर चालवून तपासणी झाली. डॉक्टर खूश झाले. माझ्यासमोर म्हणाले, "सपाट रस्त्यावर हळूहळू सायकल चालवा. दम लागला की थांबा, गोळी खिशात ठेवा. बाकी काही काळजी नाही." हे मान हलवत होते. घरी आल्यावर मी गॅलरीतली चादर काढून धुवायला टाकली. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते तर सायकलवर दुसरी चादर.

त्यानंतरच्या रविवारी ग्रुपमधले चौघं चहाला आले. कधी येताय, असं त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हे म्हणाले, "माझी लई इच्छा आहे हो. पण घरून परवानगी नाय."

माझ्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली. मी बाहेर चहा घेऊन गेले तर सगळे माझ्याकडे बघून हसत होते. "वहिनींनी ब्रेक लावलाय म्हणायचा!" यांनी मान खाली घालून बशीत चहा ओतला.

ते गेल्यावर मी विचारलं नाही. वॉर्डात इतकी वर्षं काढलीत मी. क्विंटलची पोती उचललेला माणूस एकदा छातीत कळ येऊन गेली की पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी विचारतो, 'सिस्टर, उचलू का?' आणि भेटायला कुणी आलं की त्याच माणसाचा आवाज चढतो, 'हे दवाखान्यातले सोडत नाहीत, नाहीतर मी कधीच घरी गेलो असतो.' आमच्या घरातही तेच चाललं होतं. माझ्या नावाआड उभं राहून त्यांना बरं वाटत असेल तर वाटू दे, असं मी ठरवलं. वाईट मात्र वाटायचं. पुढं कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात कुणीतरी हमखास म्हणायचं, वहिनी, सोडा की त्यांना आता.

मग मी एक दिवस म्हटलं, "तुम्ही चालवत नाही तर मला शिकवा."

लहानपणी गावाकडे भावाची सायकल मी दांड्याखालून पाय घालून चालवायचे. तेवढंच काय ते येत होतं. हे मला सकाळी विद्यापीठात घेऊन जायचे, एका बाकावर बसायचे आणि तिथून ओरडायचे. "पुढं बघ! चाकाकडं काय बघती?" मी दोनदा पडले, एकदा गुलमोहराला जाऊन धडकले. पण आलं मला. रविवारच्या फेऱ्यांना जायला लागले, दौलताबादचा चढ चढले. घरी आले की हे प्रत्येक चढाची चौकशी करायचे, कुठल्या गिअरवर होतीस, कुठं थांबलीस. जेवण गार व्हायचं.

फर्दापूरची सहल ठरली तेव्हा सामानाची गाडी चालवायला माणूस मिळेना. हे म्हणाले, "मी हाये की." त्यात माझ्या मागं राहायची सोय झाली, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. ते हर्सूल ओलांडल्यावर आलं.

सगळे पुढं निघून गेले होते. मागं मी आणि एक मक्याचे व्यापारी, दोघंच. व्यापारी मूळचे सिल्लोडचे, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहायला आलेले. वयानं माझ्याएवढेच, अंगानं भारी. ग्रुपमध्ये सगळे त्यांना भाई म्हणायचे. सावंगीच्या पुढं चौक्याचा घाट लागला. घाट म्हणजे फार मोठा नाही, पण सकाळच्या थंडीत, गार पडलेल्या गुडघ्यांनी चढायचा म्हणजे जीव निघतो. मी खाली बघत पायडल मारत होते आणि मागून छोटा हत्ती गुरगुरत येत होता.

"गिअर हलका कर!" खिडकीतून आवाज आला.

मी हलका केला.

"इतका नाय! पाय नुसते फिरायलेत तुझे!"

मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता, कारण आमची गाडी त्याच्या वाटेत होती. यांनी त्याला हातानं पुढं जायला सांगितलं आणि पुन्हा माझ्या बरोबरीला आले. "पाणी पी. श्वास नाकानं घे. बसती का गाडीत? वर सोडतो, तिथून चालव. कुणाला कळतं?"

"मला कळतं," मी म्हटलं. एवढं बोलण्यातच माझा दम गेला.

भाई माझ्या बाजूनं धापा टाकत म्हणाले, "भाभी, ये चढाव के बाद सब अपनाच है. हवा भी अपनी, रोड भी अपना." मग मागं वळून यांना म्हणाले, "भाईसाब, आप जरा चूप रहो ना. आप बोले की मेरेकूच थकान आती."

घाट चढलो. वर चौक्याला थांबून मी पाणी प्यायले तर हे गाडीतून उतरून माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागले. ओठ निळे पडलेत का, घाम किती आलाय. मी वॉर्डात पेशंटकडे बघते तसं. आणि तिथून फुलंब्रीपर्यंत उतार-सपाटीचा रस्ता, पण गाडी मागून हललीच नाही.

फुलंब्रीला नाष्ट्याला पोहे होते. मी ताटली घेतली आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आता माझ्या मागं येऊ नका."

"मी तुझ्या मागं नाय. मी शेवटच्या सायकलच्या मागं हाये. शेवटची तूच, तं मी काय करू?"

"तुम्ही मागं असले की मला रस्ता दिसत नाही. नुसता तुमचा आवाज ऐकू येतो."

मी हे जरा मोठ्यानं बोलले असणार. बँकेतले साहेब पोह्यांवर लिंबू पिळायचं थांबले. आमच्या सहलीची प्रमुख एक तरुण डेंटिस्ट होती, माझ्या मुलीच्या वयाची. ती चटकन मधे आली. "काका, असं करू या. तुम्ही गाडी घेऊन थेट पुढं जा. सिल्लोड ओलांडलं की आपल्या जेवणाचा ढाबा आहे, त्यांना जाऊन सांगा किती माणसं आहेत ते. मागं मी राहते."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी थांबा म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मी पोहे खात राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि गेले. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला उगाच चुटपुट लागली. त्यांनी पोहेही धड खाल्ले नव्हते.

पण रस्ता छान होता, हेही खरं. ऊन अंगाला गोड लागत होतं. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मधेच हरभरा, मधेच गव्हाचा हिरवा तुकडा. कापसानं भरलेले टेम्पो शेजारून गेले की चार-दोन बोंडं उडून रस्त्याकडेला पडायची. डेंटिस्ट मुलगी माझ्यापुढं जायची, थांबायची, फोनवर पुढच्या लोकांशी बोलायची. आळंद गेलं. भाईंचा गुडघा दुखायला लागला होता, पण गाव जवळ येईल तसा त्यांना जोर चढत होता.

"भाभी, आपलं गाव आलं आता. घरी चहा घेतल्याशिवाय मी सोडत नाय बघा." मराठी बोलताना भाई अस्सल सिल्लोडचे होऊन जायचे.

"उशीर होईल हो."

"कायचा उशीर? जेवण काय पळून चाललं?"

डेंटिस्ट मुलगी म्हणाली, "जा तुम्ही, मी ढाब्यावर बघते." ती पुढं गेली. आम्ही गावात वळलो. भाईंच्या जुन्या घरी त्यांचे मोठे भाऊ आणि भावजय राहत होते. अंगणात मक्याची कणसं वाळत पडली होती. भावजयीनं माझं हेल्मेट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं, डोक्यावर ठेवलं, ओढणीवरून, आणि खो खो हसली. मग एकदम हसायचं थांबवून तिनं विचारलं, "मेरेकू आयेगी क्या चलाने?"

"हौ," मी तिच्याच भाषेत म्हटलं. "मला पन्नाशीत आली. तुम्ही तर माझ्यापेक्षा लहान."

"इनकू बोलो ना जरा," तिनं नवऱ्याकडे बोट केलं. ते मिशीत हसत चहाचे कप गोळा करायला लागले.

निघताना मला हलकं वाटत होतं. ढाब्यावर गेल्यावर यांच्याशी नीट बोलायचं, सकाळचं मनात ठेवायचं नाही, असं ठरवत मी पायडल मारत होते.

ढाब्यावर सगळे जेवायला बसले होते. आमचा छोटा हत्ती कडुनिंबाखाली उभा होता. मी सायकल लावली आणि गाडीकडं गेले. आत कुणी नव्हतं.

"हे कुठं आहेत?"

डेंटिस्ट मुलगी ताटावरून उठली. "काकू, मला वाटलं ते तुम्हालाच आणायला मागं आलेत. आम्ही आलो तेव्हापासून नाहीत इथं."

"आम्हाला तर भेटले नाहीत."

कुणीतरी फोन लावला. तो गाडीतच वाजायला लागला, स्टिअरिंगच्या पुढं, काचेजवळ ठेवलेला. मी बाजेवर बघितलं, मोरीकडं बघून आले, मागच्या शेतात जाऊन हाक मारली. नर्स असून मला त्या वेळी काहीच सुचत नव्हतं. डोळ्यांपुढं एकच चित्र, कुठंतरी बांधाला छातीला हात लावून बसलेत.

तेवढ्यात भाकरीची टोपली घेऊन ढाब्याचे मालक बाहेर आले. "ते गाडीवाले काका व्हय? त्यांनी किल्ली दिली माझ्याजवळ. गाडीतली सायकल काढली आन् गेले."

"सायकल काढली?"

गाडीत एक जादा सायकल असायची, वाटेत कुणाची मोडली तर लागते म्हणून. मी मागं जाऊन बघितलं. सामानाच्या पिशव्यांमध्ये जिथं ती सायकल दोरीनं बांधली होती तिथं नुसती दोरी होती.

"कुण्या अंगाला गेले?"

मालकांनी हात केला. सिल्लोडकडं नाही, गोळेगावकडं. आम्ही आलो त्या वाटेला नव्हे, पुढं.

"कधी गेले?"

"लई वेळ झाला. मी भाजी फोडणीला टाकत होतो तव्हा."

सगळे एकदम बोलायला लागले. बँकेतले साहेब म्हणाले, मी जातो. भाई म्हणाले, माझ्या पुतण्याची मोटारसायकल मागवतो, पाच मिनिटांत येते, भाभी तुम्ही बसा. सगळं बरोबर होतं. पण मला ती पाच मिनिटं बसवेना. मी सायकल उचलली.

"काकू, निदान दोन घास खा," डेंटिस्ट मुलगी म्हणाली.

"तू भाईंना घेऊन मोटारसायकलवर ये मागून," मी तिला म्हटलं आणि निघाले.

त्या दिवशी मी सकाळपासून जेवढी सायकल चालवली त्यात तेव्हा सगळ्यांत जोरात चालवली असणार. मांड्या भरून आल्या होत्या, पण पाय फिरत होते. समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलकडं मी बघत होते. एक म्हातारा शेळ्यांचा चारा घेऊन आला, शाळेच्या दोन मुली आल्या. प्रत्येक पुलाच्या कठड्याजवळ मी हळू व्हायचे, खाली वाकून बघायचे, पुन्हा निघायचे. सकाळी मी माझ्या मागं येऊ नका म्हटलं होतं. ते शब्द आता डोक्यात फिरत होते आणि मला ते गिळून टाकावेसे वाटत होते.

चार-पाच किलोमीटर गेले असेन. रस्त्याच्या डाव्या हाताला एका शेतात मक्याचं मळणी यंत्र चालू होतं, धूळ उडत होती. जरा अलीकडं, बांधावरच्या बाभळीला आमची जादा सायकल टेकवलेली. आणि तिच्याजवळ हे मांडी घालून बसलेले. समोर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा ढीग. शेजारी एक आजी बसली होती, दोघं घाटे सोलून खात होते आणि गप्पा चालल्या होत्या.

मी सायकल तशीच रस्त्यात टाकली. धावतच जाऊन त्यांचं मनगट पकडलं.

"अगं, आधी शिव्या तं दे," हे म्हणाले. "मंग नाडी बघ."

मी नाडी मोजली. जलद होती, पण सरळ चालली होती, कुठं अडखळत नव्हती. मी दुसऱ्यांदा मोजली. मी तिथंच बसले आणि रडायला लागले. आजीनं घाबरून विचारलं, "काय झालं गं माय? कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं," हे म्हणाले. "मी सापडलो."

आजी आमच्याकडे आळीपाळीनं बघत उठली आणि मळणीकडं गेली, जाताना माझ्या पुढ्यात डहाळ्यांची एक जुडी ठेवून.

"फोन ठेवून गेलात," मी म्हटलं. "कुणाला सांगितलं नाही. मला काय वाटलं असेल?"

"गोळी होती खिशात." त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढून दाखवली. "तेवढा येडा नाय मी."

"कशाला गेलात पण असं?"

त्यांनी एक घाटा फोडला, दाणे हातावर घेतले आणि तसेच धरून बसले.

"तू म्हणालीस, मागं येऊ नका. मला राग आला. ढाब्यावर गेलो, माणसं सांगितली. मंग बसलो. तिथं कुणीच नव्हतं. तू नव्हतीस, ग्रुपवाले नव्हते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मला वाटलं, आता सायकलवर बसून बघावं. पडलो तं कुणाला दिसणार नाय."

"आणि?"

"लई भ्या वाटलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या दुखण्यानंतर पहिल्यांदा ऐकत होते. "एक हात छातीवरच ठेवला होता. असा. जरा पुढं गेलो तं खड्डा आला. मंग छातीवरचा हात काढावाच लागला." ते हसले, पण डोळ्यांत पाणी होतं. "तेव्हा ध्यानात आलं, की छातीला काहीच होत नाय. पाय दुखायलेत. नुसते पाय. पाय दुखल्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू."

"मग परत का नाही फिरलात?"

"फिरायचं ध्यानातच नाय राहिलं."

मला हसू आलं. रडता रडताच. हेही हसायला लागले. मग म्हणाले, "तुला डॉक्टर काय बोलले ते माहीत होतं. तरी तू लोकांना कधी सांगितलं नाय."

"काय सांगायचं होतं?"

"की परवानगी होती म्हणून."

मी डहाळ्याचे घाटे तोडत राहिले. भूक लागली होती हे मला तेव्हा कळलं. "मला वाईट वाटायचं," मी म्हटलं. "सगळे मला म्हणायचे, ब्रेक लावलाय. पण तुम्हाला घाबरलेलं लोकांनी बघावं, हे मला त्याहून वाईट वाटलं असतं."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ठेवले.

तेवढ्यात मोटारसायकल आली. भाईंचा पुतण्या चालवत होता, मागं डेंटिस्ट मुलगी जेवणाचा डबा घेऊन बसली होती. यांना बघून तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. "काका! अहो काका!" एवढंच तिला बोलता आलं. मग ती आमच्याशेजारी बसली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. बांधावर बसून आम्ही जेवलो. मी तिला नाडीचं सांगितलं. ती म्हणाली, मी दातांची डॉक्टर, माझ्यावर काही सोडू नका, आणि माझ्याकडून नंबर घेऊन यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनाच फोन लावला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, सपाटीला चालवू द्या, थकवा वाटला की गाडीत बसवा. घाट नको. फोन स्पीकरवर होता. हे शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते.

आता गाडी कोण चालवणार हा प्रश्न होता. भाईंचा गुडघा सुजलाच होता. फोन केला तसे ते ढाब्यावरून छोटा हत्ती घेऊन आले आणि म्हणाले, "मेरेकू तो आजच खुदा ने छुट्टी दिया. चलो भाईसाब, आप निकलो. मैं पीछे हूँ, लेकिन मैं कुछ नईं बोलता."

आणि खरोखरच ते काही बोलले नाहीत. दुपारच्या उन्हात आम्ही दोघं शेजारी शेजारी निघालो. हे हळू चालवत होते, माझ्याहून हळू. मला पाय आवरून धरावे लागत होते. मी दोनदा गिअरबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आम्ही बांधावर जेवत असताना पुढं गेलेले सगळे गोळेगावला चहाला थांबले होते. आम्ही येताना दिसलो तसे उभे राहिले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी घातली. बँकेतले साहेब पुढं आले. "काय वहिनी, शेवटी परवानगी दिली म्हणायची!"

यांनी सायकल स्टँडवर लावली. घाम पुसला. मला वाटलं, आता हसतील आणि चहाकडं वळतील.

"परवानगी पहिल्यापासून होती," ते म्हणाले. "डॉक्टरची बी होती, हिची बी होती. मीच भ्यायलो होतो. हिच्या नावावर खपवलं."

बँकेतले साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले. "वहिनी, माफ करा हो. आम्ही उगाच..."

"चहा गार होतोय," मी म्हटलं. मला तिथं उभंच राहवेना. मी मागच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत राहिले.

परत आले तर हे आपली सायकल भाईंच्या मदतीनं गाडीत चढवत होते. कुणी सांगितलेलं नव्हतं. "पुरे आज," ते म्हणाले. "पाय लटपटायलेत. उद्या लेण्यांच्या पायऱ्या चढायच्यात." ते भाईंच्या शेजारी जाऊन बसले.

तिथून अजिंठा गावापर्यंत मी सगळ्यांबरोबर गेले, पहिल्यांदाच मधे, शेवटी नाही. घाट उतरताना मी खूप घाबरले. दोन्ही ब्रेक धरून बोटं बधिर झाली, वळणावर ट्रक आला की मी कडेला उभी राहायचे. ग्रुपमधली तरुण मुलं सुसाट खाली गेली. मी जवळजवळ चालतच उतरले म्हणा. सूर्य मावळतीला आला होता आणि डोंगराच्या सावल्या खालच्या शेतांवर पसरल्या होत्या.

फर्दापूरच्या लॉजवर पोचल्यावर यांच्या पिंढऱ्यांत गोळे आले. पलंगावर पालथे पडून हे ओरडत होते आणि मी तेल लावून पिंढऱ्या चोळत होते.

"हळू! हळू गं!"

"नर्सला शिकवू नका."

"जोर कमी कर!"

"इतका कमी की त्याहून कमी?" मी विचारलं. खोलीबाहेर भाईंचं हसणं ऐकू आलं.

त्याला आता वर्ष होत आलं. हे आठवड्यातून तीनदा सकाळी सायकल घेऊन बाहेर पडतात. कुठं जातात ते परत आल्यावर सांगतात, कधी नाहीही सांगत. मागच्या महिन्यात हर्सूलच्या पुढं वारं समोरून लागलं तर रिक्षाच्या टपावर सायकल टाकून घरी आले आणि जिना चढता चढताच मला हाक मारून ते सांगायला लागले. ग्रुपच्या रविवारच्या फेरीला आम्ही दोघंही असतो. चढ आला की हे उतरून सायकल हातानं ढकलतात, लाज न वाटता. मी चढून जाते आणि वर वाट बघते. सिल्लोडच्या त्या वहिनी सायकल शिकल्या, असं भाई सांगत होते. सध्या अंगणातच चालवतात, कणसं बाजूला सारून.